पंधरा रुपयांचा सातबारा रेल्वेच्या भूसंपादनात किती कामाला येतो?

महाराष्ट्र शासनाच्या महाभूमी पोर्टलवरचा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 15 रुपयांत मिळतो. खात्यात आधी पैसे भरायचे, जिल्हा नाशिक, मग तालुका, गाव, गट नंबर. उतारा लगेच उतरतो आणि सरकारी कामाला चालतो. फुकट दिसणारा विनास्वाक्षरीचा उतारा फक्त बघण्यापुरता, तो फाइलला लावू नका.

मालकी, क्षेत्र, पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) यासाठी ही सेवा उत्तम. तळाशी ‘प्रलंबित फेरफार’ ही ओळ असते, ती आधी वाचा. वारसनोंद किंवा वाटणी तिथे अडकली असेल तर मोबदला नेमका कुणाच्या नावे, यावरून भावाभावांतच जुंपते आणि रक्कम अडकून पडते.

उणीव आहे ती गाव नमुना बारात, म्हणजे उताऱ्याच्या पीकनोंदीच्या भागात. उतारा नोंदलेलंच दाखवतो, आणि सिन्नर-निफाडकडे विहीर, द्राक्षबाग, ठिबक, बांधावरचे आंबे कित्येकदा नोंदलेलेच नसतात. 2013 च्या भूसंपादन कायद्यानुसार जमिनीबरोबर झाडं-विहिरींचंही मूल्यांकन होतं आणि त्यावर 100 टक्के दिलासा रक्कम मिळते. म्हणजे सुटलेली विहीर दुप्पट महागात पडते. म्हणून ई-पीक पाहणी ॲपवर हंगामातच फोटोसह नोंद करा, सिंचनाचं साधन आणि बांधावरची झाडं धरून. चुकलं तर दुरुस्तीला 48 तास असतात.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मसल स्लू इथे शेतकऱ्यांनी रेल्वे कंपनीच्या छापील पत्रकातल्या एकरी अडीच डॉलरवर विश्वास ठेवून माळरानावर कालवे काढले. नंतर सदर्न पॅसिफिक रेल्वेने त्याच जमिनीचे 17 ते 40 डॉलर मागितले. त्यांच्याच घामाने चढलेली किंमत त्यांच्याकडूनच! 11 मे 1880 ला गोळ्या चालल्या, सात जण गेले. पत्रक म्हणजे खरेदीखत नव्हे; हक्काचं ते कागदावर पक्कं नोंदवूनच घ्यायचं.

तेव्हा संयुक्त मोजणीला (सरकारी खाती मिळून जागेवर करतात ती मोजणी) बांधावर स्वतः हजर राहा. झाडं जातवार आणि वयानुसार मोजून घ्या, विहिरीची खोली आणि व्यास, जमिनीखालची पाइपलाइन, सगळं पंचनाम्यात आल्याशिवाय सही नको. रुळांमुळे तुकडा पलीकडे राहत असेल तर तिकडे जायचा रस्ताही तिथेच लिहून घ्या, कारण उताऱ्यावर तो दिसत नाही. जमीन घेण्याची रेल्वे कायद्याखालची अधिसूचना प्रसिद्ध झाली की लेखी हरकतीला 30 दिवस मिळतात; पोच घ्या.

मालकीसाठी पाचपैकी पाच, बागाईतदाराच्या पूर्ण हक्कासाठी तीनच.