खजुरी बाजारातली शाळेची खरेदी : बांधलेला सेट नको, सुटं घ्या

इंदूरमध्ये शाळेचं सत्र १ एप्रिलला सुरू होतं आणि त्याच्या आगेमागे पंधरा दिवस खजुरी बाजारात पाय ठेवायला जागा नसते. राजवाड्याजवळची ही गल्ली पुस्तकांची. पहिलीच्या चित्रांच्या पुस्तकापासून नीटच्या जाडजूड मॉड्यूलपर्यंत नवं-जुनं सगळं इथे मिळतं. रामबाग, लोकमान्य नगरची मंडळी घराजवळची दुकानं सोडून इथवर येतात, ती दोन गोष्टींसाठी: सुटं पुस्तक मिळतं आणि जुनं मिळतं. हा रिव्ह्यू एका दुकानाचा नाही, बाजाराचा आहे. भाव दुकानागणिक हलतो, पद्धत सगळीकडे तीच.

आधी त्या प्रसिद्ध 'सेट'बद्दल. काउंटरवर शाळेचं नाव आणि वर्ग सांगितला की मागून सुतळीने बांधलेला गठ्ठा येतो. पाच मिनिटांत काम फत्ते. नोकरी करणाऱ्या आई-बाबांना ही सोय मोठी वाटते, आणि आहेही. पण गठ्ठा सोडून पाहा. एनसीईआरटीची चार-पाच स्वस्त पुस्तकं, त्यावर खाजगी प्रकाशकांची व्याकरण, संगणक, सामान्य ज्ञान, मूल्यशिक्षण अशी गुळगुळीत कागदाची महाग पुस्तकं, मग शाळेचं नाव छापलेल्या कॉप्या (म्हणजे वह्या), खाकी कव्हरचा रोल, लेबलं, आणि घरी आधीच दोन पडलेली असताना आणखी एक कंपास पेटी. अॅटलास आणि डिक्शनरी तर दरवर्षी नव्याने घुसवतात. बिलावर एकच आकडा, कशाचे किती ते कळू नये असा. पैसा जातो तो इथे. एनसीईआरटीची पहिली ते आठवीची पुस्तकं प्रत्येकी ६५ रुपयांची, त्यात कुणी कितीसं लुबाडणार?

गठ्ठा घ्यायलाच हवा अशी सक्ती शाळेला करता येत नाही. मध्य प्रदेशचा खाजगी शाळांच्या फीबद्दलचा कायदा २०१७ चा, त्याचे नियम २०२० चे. पुस्तकं, कॉप्या, गणवेश ठरावीक दुकानातूनच घ्या असं शाळा सांगू शकत नाही. तक्रार जिल्हा समितीकडे जाते, तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. व्यवहारात मात्र भांडणापेक्षा यादी मागणं उपयोगी. प्रकाशक, आवृत्ती आणि आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) असलेली यादी शाळेकडून लेखी घ्या. नुसतं 'इंग्लिश ग्रामर, भाग ५' एवढंच लिहिलेलं असेल तर कार्यालयातून नमुना प्रत पाहून मागच्या कव्हरचा फोटो काढा. बारकोडवरचा हा तेरा आकडी नंबर जुळला तरच पुस्तक तेच. खाजगी प्रकाशक कव्हरचा रंग बदलून 'सुधारित आवृत्ती' काढतात. आत धडे तेच असतात, पण स्वाध्यायांचा क्रम हलतो आणि वर्गात 'पान ४३ काढा' म्हटलं की मूल भलत्याच पानावर असतं.

यादी हातात आली की तिचे तीन तुकडे करा: एनसीईआरटी, खाजगी पुस्तकं, स्टेशनरी. तिन्ही एकाच दुकानातून घेऊ नका. एनसीईआरटी छापील किमतीला मिळते, तिथे घासाघीस फुकट. खाजगी पुस्तकांवर सूट मागायचीच, आणि मागितल्याशिवाय ती मिळत नाही. स्टेशनरी तर वेगळ्याच दुकानातून घ्यावी, तिथला भाव सेटवाल्याला परवडत नाही.

कॉप्यांबद्दल जरा विस्ताराने, कारण सगळ्यात जास्त नग त्यांचेच. (पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी इथे 'वही' मागितली की दुकानदार निरागसपणे 'वही कौन-सी?' विचारतो. कॉपीच म्हणा.) कव्हरवर १७२ पानं लिहिलेली असली तरी खाली बारीक अक्षरांत 'अनुक्रमणिका आणि छापील मजकूर धरून' असं असतं, म्हणजे लिहायला त्याहून कमी. दोन कंपन्यांचा भाव ताडून पाहायचा तर किंमत भागिले पानं करा. नुसत्या डझनाच्या भावावर जाऊ नका, १४० पानांची कॉपी १७२ च्या रांगेत सहज उभी करतात. कागदाची परीक्षा दुकानातच होते: शेवटच्या पानावर जेल पेनने दोन ओळी लिहून पान उलटा. मागे शाई उमटली तर मूल एकाच बाजूला लिहील आणि कॉपी दिवाळीआधी संपेल. शाळेचं नाव छापलेली कॉपी आणि साधी कॉपी यांतला कागद बहुधा एकच असतो, नावाचे पैसे वेगळे. चौकडी, चार रेघी, दुरेघी, एकरेघी किती लागतील ते वर्गशिक्षिकेला विचारूनच घ्या. उरलेली चार रेघी कॉपी पुढच्या वर्षी कुणाच्याच कामाची नसते. विज्ञानाची प्रॅक्टिकल फाइल एका बाजूला रेघी, दुसऱ्या बाजूला कोरी असते. दोन्हीकडे रेघी असलेली परत करावी लागते. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून कॉप्या, पेन्सिली, खोडरबर यांच्यावर जीएसटी शून्य आहे. पुस्तकांवर तो आधीपासूनच नाही. कॉप्यांच्या बिलात वर कर जोडलेला दिसला तर तिथेच बोट ठेवा.

एनसीईआरटी घेताना नकली प्रत ओळखायला मिनिट पुरे. कॉपीराइटच्या पानावर ८० जीएसएम कागद आणि एनसीईआरटीच्या वॉटरमार्कचा उल्लेख असतो. आतलं कुठलंही पान उजेडासमोर धरा, तो वॉटरमार्क दिसला पाहिजे. नकली प्रतीत तो नसतो, नकाशांच्या रेघा पुसट असतात आणि रंग एकमेकांवरून सरकलेले. भूगोलाच्या नकाशात सीमारेषेच्या शेजारी दुसरी भुताटकी रेघ दिसली की पुस्तक खाली ठेवा. अस्सल प्रतीतही एक भानगड असते: फर्मा. पुस्तक १६-१६ पानांच्या जुडग्यांनी, म्हणजे फर्म्यांनी, बांधलेलं असतं आणि कधी एक फर्मा गळतो, कधी तोच दोनदा लागतो. काउंटरवरच १६-१७, ३२-३३, ४८-४९ असे सांधे चाळा. घरी जाऊन नाव घातलं, कव्हर चढवलं आणि मग पान ४९ सापडेना, की बदलून मिळणं कठीण. पक्कं बिल, कोरं पुस्तक आणि पहिले काही दिवस, तिन्ही असतील तर इथले दुकानदार बदलून देतात.

जुन्या पुस्तकांच्या दुकानांत खजुरी बाजाराची खरी गंमत आहे, आणि खरा धोकाही. सहावीची एनसीईआरटी पुस्तकं २०२४ मध्ये पूर्ण बदलली, सातवी-आठवीची २०२५ मध्ये. गणिताचं आता 'गणित प्रकाश' झालं, इतिहास-भूगोल-नागरिकशास्त्राची तीन वेगळी पुस्तकं जाऊन सामाजिक शास्त्रांचं एकत्रित पुस्तक आलं. जुनी पुस्तकं रद्दीच्या भावात खुणावतात. घेऊ नका, रद्दीच आहेत ती. तिसरी, चौथी, पाचवीचंही तसंच. नववीच्या जुन्या पुस्तकाला हात लावण्याआधी शाळेत विचारा.

दहावी ते बारावीला मात्र जुनं पुस्तक खुशाल घ्यावं. २०२२-२३ मध्ये धडे वगळले गेले तेव्हा दहावीचं विज्ञान १६ धड्यांवरून १३ वर आलं, गणित १५ वरून १४ वर, बारावीचं रसायन १६ वरून १० वर. अनुक्रमणिकेतले धडे मोजले की आवृत्ती कळते. दहावीला १३ धड्यांचंच विज्ञान घ्या. १६ वालं घेतलं तर मूल आवर्तसारणीचा धडा निष्कारण पाठ करत बसतं.

रसायनात मात्र उलटं. नीट किंवा जेईई देणाऱ्या मुलाने बारावीच्या रसायनाचा जुना, पहिला भाग मुद्दाम शोधावा. पी-ब्लॉक मूलद्रव्यांचा धडा नव्या एनसीईआरटीतून गेला, पण दोन्ही प्रवेशपरीक्षांच्या अभ्यासक्रमात पी-ब्लॉक आहेच. जुन्या पहिल्या भागात तो सातवा धडा, गट १५ ते १८. गट १३ आणि १४ अकरावीच्या जुन्या दुसऱ्या भागात, अकराव्या धड्यात. दुकानदाराला हे ठाऊक नसतं, तो 'पुराना कोर्स है' म्हणत स्वस्तात देतो. वाद घालू नका. भंवरकुआं भागातल्या कोचिंग क्लासांची जुनी मॉड्यूलंही इथे ढिगाने येतात. उत्तरांवर आधीच खुणा केलेलं मॉड्यूल सरावाला निरुपयोगी. घ्यायचंच तर मधली दहा पानं उघडून पाहा, पहिली पानं कोरी आणि मधली रंगवलेली असतात.

मराठीच्या पुस्तकांची बाजू इथे पडकी आहे. घरी मूल मराठी बोलतं, शाळेत हिंदी-इंग्रजी, आणि आजीची इच्छा की त्याने मराठी वाचावं, अशा घरांना खजुरी बाजार काही देत नाही. त्यावर तोडगा असा की बालभारतीची पुस्तकं तिच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट आहेत. इंदूरच्या मुलाला थेट मराठी माध्यमाचं 'बालभारती' देऊ नका, जड जातं. इतर माध्यमांच्या शाळांसाठी 'सुलभभारती' आहे, ते घ्या आणि वयाच्या एक-दोन वर्ष खालच्या इयत्तेपासून सुरू करा. देवनागरी त्याला हिंदीमुळे येतेच, अडतं ते 'ळ'ला आणि च-ज-झच्या दुहेरी उच्चारांना. छपाई दुकानातून दोन्ही बाजूंनी करून स्पायरल बांधून घ्या, पण चित्रं रंगीत असलेली पानं तरी रंगीतच काढा.

कधी जायचं? मार्चचा शेवटचा आठवडा, सकाळी दुकानं उघडताना. शनिवार-रविवारी संध्याकाळी गेलात तर गाडी सुभाष चौकाच्या मल्टिलेव्हलमध्ये ठेवून गठ्ठे उचलत चालावं लागेल, आणि काउंटरवर पान ४८-४९ तपासायला कुणी सवड देणार नाही. एप्रिलमध्ये एनसीईआरटीचं एखादं पुस्तक हमखास संपलेलं असतं; त्यासाठी सेटमध्ये दुसऱ्या प्रकाशकाचं 'तत्सम' पुस्तक घुसवू देऊ नका. एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर ते धड्यांनुसार मोफत आहे, महिनाभर तेवढ्यावर निभतं. घरची दहावी-बारावीची पुस्तकं विकायची असतील तर तीही मार्चच्या अखेरीस, मुलांची परीक्षा संपताच न्या. जूनमध्ये तोच दुकानदार तराजू काढतो.