स्विंग असला तर, नसला तर

रत्नागिरीकडच्या सड्यावर आम्ही टेनिस बॉलने खेळायचो. त्या बॉलला ना उठावदार शिवण, ना लकाकी. मग स्विंग, म्हणजे चेंडू हवेतच वळणं, कुठला? कातळावरून बॉल उसळायचा, तेवढाच आधार. यॉर्कर चुकला की बॉल थेट करवंदीच्या जाळीत, आणि शोधायला बोलरच!

लेदर बॉल हातात आला तेव्हा खेळच बदलला. शिवण स्लिपकडे झुकवायची, लकाकती बाजू उजव्या फलंदाजाकडे ठेवायची. चेंडू आत येतोय असं वाटेपर्यंत बाहेर निघतो. मग वेग बेताचा असला तरी चालतं. फुल, म्हणजे फलंदाजाच्या जवळ टप्पा, टाकायचं धाडस करता येतं, कारण ड्राइव्हची कड लागते. इंग्लंडच्या जेम्स अँडरसनच्या 704 कसोटी बळींमागे बरंचसं हेच कसब.

स्विंग नसला की तीच फुल लेंग्थ म्हणजे फलंदाजाला मेजवानी. मग टप्पा थोडा मागे, ऑफ स्टंपच्या आसपास, षटकामागून षटक. ऑस्ट्रेलियाच्या ग्लेन मॅकग्राने मुख्यतः अचूकता, उसळी आणि शिवणीच्या जोरावर 563 कसोटी बळी घेतले. पण त्याची उंची आणि चिकाटी आणायची कुठून? माझ्यासारख्या बुटक्याला स्विंगच हवा. अर्थात चेंडू जुना होईपर्यंतच. रिव्हर्स, म्हणजे जुन्या चेंडूचा उलट्या दिशेचा स्विंग, मला कधी जमला नाही.