वॉर थंडरच्या रणगाड्यांतील तोफेतून सुटणारी क्षेपणास्त्रे

देवळालीच्या तोफखाना प्रशिक्षण केंद्रामुळे तोफेविषयी आस्था असलेले खेळाडू नाशिकमध्ये पुष्कळ आहेत, आणि त्यांनी वॉर थंडर या संगणकीय युद्धखेळातील शेरिडन हा अमेरिकी रणगाडा जरूर चालवून पाहावा. त्याच्या १५२ मिलिमीटरच्या तोफेतून साधा गोळाही सुटतो आणि शिलेली हे क्षेपणास्त्रही. मात्र क्षेपणास्त्र लक्ष्यावर आदळेपर्यंत नेम शत्रूवरच धरून ठेवावा लागतो, आणि ही शिस्त खेळाने फार प्रामाणिकपणे उतरवली आहे. आधुनिक रणगाड्याचा बाणासारखा चिलखतभेदी गोळा सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक अंतर कापतो, तर शिलेलीचा वेग सेकंदाला सुमारे ३२० मीटर असल्याने दोन किलोमीटरवरील शत्रूला आडोसा गाठण्यास सहा सेकंद मिळतात. म्हणूनच शहरी, अरुंद नकाशांवर हे अस्त्र मला निरुपयोगी वाटते. उघड्या माळरानावर मात्र ते विलक्षण प्रभावी ठरते, कारण पळणाऱ्या वाहनामागे त्याला वळवता येते. संमिश्र, म्हणजे वेगवेगळ्या पदार्थांच्या थरांच्या चिलखतासमोर त्याचे स्फोटक शीर्ष बहुधा तोकडे पडते.

ही कल्पना केवळ खेळापुरती नाही. सप्टेंबर २०२० मध्ये अहमदनगरच्या के. के. रेंज या लष्करी सराव-क्षेत्रावर डीआरडीओने अर्जुन रणगाड्याच्या १२० मिलिमीटरच्या तोफेतून लेझर-मार्गदर्शित क्षेपणास्त्र डागून तीन किलोमीटरवरील लक्ष्य भेदले. खेळातील नवख्यांनी थेट लढाईत न उतरता आधी खेळाच्या सराव-मैदानात नेम स्थिर ठेवण्याचा अभ्यास करावा.