तीन स्क्रीन, एकच पेन्सिल: लुसिड आयकॉन्स वापरून

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानाचं सॉफ्टवेअर मी विश्रामबागेतून सांभाळते. ऑफिसचा हिशेब रिअ‍ॅक्टमध्ये, काट्याजवळच्या टॅबलेटवरची वजननोंद व्ह्यूमध्ये आणि शेतकऱ्याची पट्टी काढायचा जुना भाग अँग्युलरमध्ये; ही तिन्ही वेबच्या स्क्रीन बांधायची वेगवेगळी साधनं. तिन्ही भाग वेगवेगळ्या वेळी लिहिले गेले, म्हणून आयकॉनही तीन ठिकाणचे. एकदा दिवाणजी म्हणाले, "ताई, इथं पेन्सिल दाबली की नोंद बदलते आणि तिकडं नवीन पावती उघडते. आम्ही कुठली खरी धरायची?" त्यांचं बरोबर होतं. त्याच आठवड्यात मी सगळं लुसिडवर आणायला घेतलं.

लुसिड म्हणजे फेदर आयकॉन्स या आधीच्या संचाची प्रत घेऊन 2020 पासून लोकांनीच पुढे वाढवलेला आयकॉनचा संच. फुकट आणि मुक्त परवान्याचा. 24 बाय 24 ची चौकट, 2 जाडीची रेघ, गोल टोकं. रिअ‍ॅक्ट, व्ह्यू, अँग्युलर, स्वेल्ट या सगळ्यांची पॅकेजं एकाच मूळ चित्रफाईलवरून (एसव्हीजी) तयार होतात. मला हवं होतं ते नेमकं हेच. फक्त तिन्हीकडे आवृत्ती एकच ठेवा, कारण मधल्या काळात काही नावं बदलली आहेत: 'होम'चं 'हाऊस' झालं, 'एडिट'चं 'स्क्वेअर पेन'.

माझा वेळ गेला तो रेघेच्या जाडीत. आयकॉन लहान केला की रेघही बारीक होते. ऑफिसच्या तक्त्यात 16 पिक्सेलवर ती जेमतेम 1.33 उरते, तर टॅबलेटवर 32 ला 2.67 होते. चित्र तेच असूनही शेजारी ठेवलं की परकं वाटतं. 'अ‍ॅब्सोल्यूट स्ट्रोक विड्थ' हा पर्याय चालू केला की दोन्हीकडे 2 च राहते. हे पहिल्याच दिवशी करा.

पण नुसती लायब्ररी एक केल्याने दिवाणजींचा प्रश्न सुटला नसता. मी कामांच्या नावांची एक फाईल केली: 'नोंद बदला', 'नवी पावती', 'वजन', 'पट्टी'. प्रत्येकासमोर एकच आयकॉन. तिन्ही अ‍ॅपमध्ये छोटा कंपोनंट (स्क्रीनचा पुन्हा वापरता येणारा तुकडा) ही फाईल वाचतो. लुसिडमधून थेट इम्पोर्ट करायला ईएसलिंट या कोड तपासणाऱ्या साधनाने बंदी घातली आहे. फाईलमध्येही लागतील तेवढेच आयकॉन एकेक नावाने आणा. सगळा संच ओढला तर बंडल (ब्राउझर उतरवून घेतो ती फाईल) फुगतं आणि यार्डातल्या नेटवर टॅबलेट रखडतो.

पट्टीसाठी रुपयाचं चिन्ह असलेली पावती तयार मिळाली, याचा मला फार आनंद झाला. व्हॉट्सअ‍ॅपचं चिन्ह मात्र यात नाही. ब्रँडची चिन्हं ते घेत नाहीत, ती सिंपल आयकॉन्स या ब्रँडचिन्हांच्या संचातून आणावी लागतात. ती भरीव असतात, त्यामुळे या रेघांमध्ये जरा जड दिसतात. भरीव आयकॉनच हवे असतील तर हा संच तुमच्यासाठी नाही.

हळदही नव्हती. तीच चौकट, तीच रेघ धरून मी हळकुंड काढलं. काट्यावरच्या हमालमामांनी बघून सांगितलं, "हे आलं झालं, ताई. अंगावरची वळी दिसू द्या." तीन आडव्या रेघा घातल्या. आता तिन्ही स्क्रीनवर तेच हळकुंड आहे.