बोटीवर कायमचं राहायचं तर स्वयंपाक कशावर: गॅस की इंडक्शन?

शिडाची बोट राहण्याजोगी करताना गाद्या, पंखे, कपाटं पुढेमागे बदलता येतात. इंधन मात्र आधी ठरवावं लागतं, कारण बॅटरी, वायरिंग आणि ओट्याखालचे कप्पे त्यावरच ठरतात. जयगड, विजयदुर्ग, देवगड असं खाड्या-बंदरांत नांगर टाकत राहताना आम्ही नवराबायकोने दोन्हींवर संसार केलाय. आधी बोटीसोबत आलेला गॅस, आता इंडक्शन.

गॅसच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. आभाळ भरलेलं असो, बॅटरी उतरलेली असो, शेगडी पेटतेच. 5 किलोचं छोटं सिलिंडर ओळखपत्र दाखवून मिळतं, पत्त्याचा पुरावा लागत नाही. बोटीवर राहणाऱ्याला ही फार मोठी सोय. गॅस हवेपेक्षा जड, त्यामुळे गळला तर बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, साचतो हे खरंच. पण सिलिंडरचा कप्पा आतून हवाबंद आणि त्याचा निचरा थेट बोटीबाहेर असेल, तर धोका बराच आटोक्यात राहतो. नुसत्या भीतीपोटी गॅस काढा, असं मी कुणाला सांगणार नाही.

आमचा गॅस गेला तो वाऱ्यापायी. नांगरावर बोट सहसा वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते, म्हणून नाळेकडची, म्हणजे पुढच्या टोकाची, छतातली झडप उघडली की दुपारचा खारा वारा सरळ आत शिरतो आणि केबिन राहण्यासारखी होते. (खाडीत ओहोटीची ओढ जोरात असली की बोट प्रवाहाकडे वळते, ते वेगळं.) पण तोच वारा ज्योत फडफडवतो, विझवतोसुद्धा. मग झडप लावा, पंखा बंद करा आणि एप्रिलच्या उकाड्यात बंद केबिनमध्ये भाताच्या शिट्ट्या मोजत बसा. जेवण तयार होईपर्यंत अंगातून घामाच्या धारा, आणि नंतर रात्रीपर्यंत केबिन निवायचं नाव नाही. पत्र्याचे आडोसे लावून पाहिले. ज्योत टिकते, उकाडा तसाच राहतो. रोज दोन वेळा हे सोसायचं म्हटल्यावर मन उतरतंच.

त्यात ओल. एक किलो गॅस जळला की साधारण दीड किलो पाणी वाफ होऊन केबिनमध्ये येतं, आणि आपल्याकडची हवा आधीच दमट. इंडक्शनवर वाफ येते ती फक्त भांड्यातली, तीही उघड्या झडपेतून निघून जाते. मी काही मोजमाप केलेलं नाही, पण गादीखालच्या प्लायवूडला पूर्वी हात लावला की चिकट लागायचं, बुरशीचे ठिपके दिसायचे. आता ते बरंच कोरडं असतं.

इंडक्शनची किंमत मात्र मोजावी लागते. 12 व्होल्टवर 1200 वॅटची शेगडी बॅटरीतून शंभर अँपिअरच्या आसपास ओढते. तारा जाड आणि आखूड हव्यात, इन्व्हर्टर बॅटरीला खेटून हवा. साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीवर हा खेळ करू नये. लिथियम आयर्न फॉस्फेटच घ्यावी, 200 अँपिअर-तासांपेक्षा कमी नको. सोलरवर डोलकाठीची सावली पडणार नाही अशी जागा शोधायलाच वेळ जातो. ऑक्टोबर ते मे उन्हाची ददात नसते. पावसाळ्याची धास्ती बऱ्याच जणांना असते, पण 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा आम्हीही बोट काठावर ओढलेली असते आणि वीज किनाऱ्यावरून मिळते.

ताटात थोडा फरक पडतो. घावन बिडाच्या तव्यावर मधोमध छान जाळी धरतं, पण कडा फिकट राहतात. कॉइल लहान असते ना. तवा फिरवत राहिलं की जमतं. भाकरी तव्यावरच फडक्याने दाबून फुगवायची. आचेवरच्या भाकरीची सर तिला नाही, हे मान्य.

बजेट ताणलेलं असेल आणि वायरिंग धड असेल, तर तूर्त गॅस ठेवायला हरकत नाही. पण वायरिंग उपसणारच असाल तर, माझ्या मते, इंडक्शनच्या हिशोबाने उपसा. शेगडी ओट्यात पक्की बसवू नका. सुटी, एका चुलीची घ्या आणि खाली हवा खेळेल इतकी फट ठेवा, कारण तिचा पंखा खालून हवा ओढतो आणि त्याबरोबर खारही आत जातो. आम्ही दुसरी तशीच शेगडी हवाबंद डब्यात घालून ठेवली आहे.