मायक्रोमीटर खिशात, आणि घरं मोजायची राहिली

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. फौंड्रीतनं आलेलं कास्टिंग मापाला आणून द्यायचं, हेच काम तीस वर्षं करतोय. पाव मिलिमीटर इकडंतिकडं झालं तर जॉब परत येतो. असा माणूस सोलर आणि बोअरच्या पायात अडीच लाखाला फसला, आणि फसला तो न मोजल्यामुळं. सांगायला लाज वाटते, पण आमच्या भागात अजून चारजण त्याच वाटेवर आहेत, म्हणून लिहितोय.

गगनबावड्याकडं साळवणच्या वरच्या अंगाला डोंगरात वडिलांचं कौलारू घर आहे. लाईट खालच्या वाडीपर्यंतच आलेली. म्हटलं, सोलर बसवू, बोअर मारू, पोरं सुट्टीत राहतील, पुढं आम्ही दोघं तिथंच राहू.

सोलरवाला आला तो पाहुण्यातनं. मावसभावाच्या मेहुण्याचा दोस्त. आपल्याकडं पाहुण्याचं नाव निघालं की पावती मागायची जीभ रेटत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. ३३५ वॅटचे सहा पॅनेल, म्हणजे २ किलोवॅट, साडेतीन केव्हीएचा इन्व्हर्टर, १५० एएचच्या चार ट्यूबलर बॅटऱ्या, मिळून १,८५,०००. "दादा, बिल ३ किलोवॅटचं करतो, ७८,००० सबसिडी खात्यावर येणार. तुम्हाला पडलं किती? लाखभर!" त्यासाठी त्यानं कोल्हापूरच्या घराचं लाईटबिल, आधार, पासबुकाची झेरॉक्स नेली आणि फोनवर आलेला ओटीपीही विचारून घेतला. मी सांगितला.

इथंच माझं डोकं चालायला पाहिजे होतं. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतली सबसिडी २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००, म्हणून जास्तीत जास्त ७८,०००. हा आकडा खरा आहे, आणि खरा आकडा पुढं ठेवला की माणूस बाकीचं तपासत नाही. पण ती मिळते महावितरणच्या लाईनीला जोडलेल्या घरच्या सोलरला. ज्या घराला मीटरच नाही, त्याला कुठली सबसिडी? सहा महिन्यांनी शहरातल्या घरावर खरंच सोलर बसवायचं ठरवलं, तेव्हा कळलं की माझ्या ग्राहक क्रमांकावर आधीच एक अर्ज पडलाय. तो निस्तरायला दोन महिने गेले.

मार्च-एप्रिल झक्कास गेले. टीव्ही, फ्रिज, पंखे, सगळं चाललं. मी गावभर कौतुक सांगत फिरलो, दोघांना त्याचा नंबरही दिला. (त्यातला एकजण आता माझ्याशी बोलत नाही.) मग जून उजाडला. गगनबावड्याकडचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको, आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही. तिसऱ्या दिवशी रात्री नऊला घर काळंकुट्ट. फोन केला तर म्हणाला, "पावसात होणारच की दादा." बरोबर आहे, होणारच. पण विकताना त्यानं दिवसाला ८ युनिट धरून हिशेब मांडला होता, तो लख्ख उन्हाचा. ज्याला बारा महिने तिथं राहायचंय, त्यानं हिशेब जुलैचा मागावा. बॅटऱ्यांचंही तसंच. चार बॅटऱ्या, १२ व्होल्ट, १५० एएच, म्हणजे कागदावर ७.२ युनिट. पण असली लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली रोज उतरवली तर लवकर मरते, म्हणजे हाताशी साडेतीन युनिट. फ्रिज एकटाच दिवसाला युनिटभर खातो.

इथपर्यंत मी त्याला लबाड म्हटलं नसतं, उतावळा म्हटलं असतं.

गणपतीत माझ्या शॉपमधला पोरगा घरी आला होता. आयटीआय इलेक्ट्रिशियन झालेला. पॅनेलकडं बघून म्हणाला, "काका, ह्यात घरं किती हाईत, मोजलीसा?" घरं म्हणजे ते निळे चौकोन. आडवी ६, उभी १०. साठ. "ह्या निळ्या पॉली पॅनेलमधी ३३५ वॅट बसवायचं तर ७२ घरं लागत्यात. साठात २५० च्या आसपास." लांबीवरनंही कळतं म्हणाला, साठ घरांचं पॅनेल साधारण १.६५ मीटर, बहात्तरचं जवळजवळ २ मीटर. टेप माझ्या गाडीतच होती. १.६४ भरलं. (काळ्या मोनो पॅनेलला हा हिशेब लागत नाही, त्यात साठ घरांतही ३३० च्या वर जातं. निळ्याला मात्र लागतो.)

मग त्यानं शिडी लावून पॅनेलच्या मागं हात घातला. पावसानं स्टिकरची कड सुटली होती. ओढलं, तर खाली दुसरं स्टिकर. २५० वॅट. नंबर वेगळा. काचेच्या आत जो नंबर असतो तो खालच्या स्टिकरशी जुळला, वरच्याशी नाही. सहाच्या सहा तसेच. कुठल्यातरी प्लँटवरनं उतरवलेले जुने पॅनेल, वर नवा कागद डकवलेला.

बॅटऱ्यांचं पाणी तपासलं. पूर्ण चार्ज झाल्यावर ग्रॅव्हिटी, म्हणजे त्या ॲसिडच्या पाण्याची घनता, १२४० च्या आसपास पाहिजे. दोन बॅटऱ्यांत एकेक सेल ११५० च्या वर जाईना. वॉरंटी कार्डावरचा नंबर आणि बॅटरीवर कोरलेला नंबर वेगळा. कोरलेला नंबर कंपनीच्या टोल फ्री क्रमांकावर सांगितला, तर चार वर्षांपूर्वीची विक्री निघाली.

आता पाण्याचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात मी जास्त मूर्ख ठरलो. सोलरवाल्यानंच बोअरचा एजंट दिला, एजंटानं पाणाडी आणला. तळहातावर नारळ घेऊन तो शेतात फिरला, नारळ उभा राहिला, तिथं खूण. भावकीतले दहाजण बघायला जमलेले, तिथं मी शंका कशी काढणार? गाडी आली संध्याकाळी आणि मारली रात्री. फुटाला ११० नं ३८० फूट, वर ६० फूट केसिंग पाईप वेगळा. पाणी लागलं, पण करंगळीएवढं. पंप सोडताना पाईप कमीच जातोय असं वाटलं, म्हणून ओळंबा दोरीला बांधून सोडला. २६५ ला टेकला. एजंट म्हणाला, "गाळ बसला असंल." काळ्या कातळात ११५ फूट गाळ! बोअरच्या गाडीचा प्रत्येक रॉड साधारण २० फुटाचा असतो. रॉड किती गेले, एवढंच मोजायचं होतं, आणि आम्ही त्या लोकांसाठी चहा करत बसलो होतो. त्यात दीड एचपीचा पंप. सुरू होताना तो नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, की इन्व्हर्टर ट्रिप.

शेवटी शेजारच्या आजींनी विचारलं, "आरं, वरच्या झऱ्याला काय झालं?" काही झालं नव्हतं. मी तिकडं बघितलंच नव्हतं. ऐन मे महिन्यात तिथं घागर लावून बघितलं, मिनिटाला लिटरभर. कमी वाटतं, पण दिवसाला १४४० लिटर होतात. झरा घरापेक्षा उंचावर आहे, त्यामुळं पंप नाही, बॅटरी नाही. पाईप टाकला, २००० लिटरची टाकी बसवली. रात्रभर भरत राहते.

पैशाचं म्हणाल तर माझ्याकडं कच्ची पावती होती, आणि निम्मे पैसे गुगल पे वरनं सोलरवाल्याच्या कामगाराच्या नावावर गेलेले. तरी ते स्क्रीनशॉट कामाला आले. आधी ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली, मग वकिलाकडनं नोटीस दिली. नोटीस पोचल्यावर त्यानं दोन बॅटऱ्या बदलून दिल्या आणि फोन उचलायचं बंद केलं. आता जिल्हा ग्राहक आयोगात गेलोय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, पण घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, हे ध्यानात ठेवा. बोअरवाल्याची पावतीच नाही, तो सुटला.

मावसभाऊ म्हणतो, पाहुण्यात कशाला वाढवतोस. सहाही स्टिकर मी वरचं-खालचं जोडीनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून शॉपच्या कपाटात ठेवलेत, मायक्रोमीटरच्या पेटीशेजारी. पुढची तारीख गुरुवारी आहे.