घराखालून वाहणारं पाणी: चर, छिद्रांचा पाइप आणि पन्हळ, सात महिन्यांनंतर

आधी घर कसं आहे ते सांगतो, कारण तुमचं घर सपाटीला असेल तर यातलं निम्मं तुमच्या कामाचं नाही. साताऱ्याकडच्या मेढ्याजवळ डोंगराच्या उतरणीला आमचं घर. उतार न फोडता वडिलांनी बारा खांब उभे केले आणि त्यावर स्लॅब टाकून घर बांधलं. मागच्या अंगाला जमिनीपासून दोन फूट उंच, पुढं सहा फूट. खाली जळण, कोंबड्यांचं खुराडं, माझी मोटारसायकल आणि आईनं "लागंल कधीतरी" म्हणून साठवलेलं सगळं.

पावसाळ्यात या जागेतून अक्षरशः ओहोळ वाहायचा. डोंगरावरून येणारं पाणी मागून शिरायचं आणि खांबांच्या मधून वाट काढत पुढच्या अंगणात उतरायचं. जळण भिजायचं, वर कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरायची. हे सगळं आम्ही सोसत होतो. पण तिसऱ्या खांबाच्या बुडातला मुरूम वाहून पाऊल उघडं पडलं तेव्हा मात्र झोप उडाली.

चर-पाइपाचं काम काढण्याआधी दोन चुका करून झाल्या होत्या. 2022 साली मागच्या खांबांच्या मधून दोन फुटी भिंत घातली. पाणी अडलं, पण अडलेलं पाणी जाणार कुठं? भिंतीमागं तुंबलं, भिंतीखालून घुसलं आणि तो तिसरा खांब उघडा पडला तो त्यामुळंच. भिंतीला तळाशी भोकं ठेवायची असतात हे गवंड्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पुढच्या वर्षी घराखाली ताडपत्री अंथरली. वरून कोरडी, खालून चिकचिकाट, आणि आत उंदरांचा संसार. उंदीर आले म्हणून मागोमाग धामणही आली. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही, आईची होती.

मग मी एक पावसाळा नुसता बघत बसलो. छत्री घेऊन मागं उभं राहायचं आणि पाणी नेमकं कुठून येतंय ते बघायचं. बायकोनं वेड्यात काढलं, पण कळलं ते यातूनच. आम्ही ज्याला एक पाणी समजत होतो ती तीन पाणी होती. एक डोंगरावरून जमिनीवर वाहत येणारं. दुसरं आमच्याच पत्र्यावरचं, मागच्या वळचणीला पडून तिथंच घराखाली वळणारं. आणि तिसरं न दिसणारं, मुरमात मुरून खालच्या कातळावरून सरकत येणारं. तरणा पाऊस, म्हणजे जुलैतला पुनर्वसू नक्षत्राचा, संपेपर्यंत जमीन भरते आणि मग घराखाली उपळ, म्हणजे जमिनीतले झरे, फुटतात. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी ते चालूच. म्हणजे भिंत आणि ताडपत्री यांचा या तिसऱ्या पाण्याशी काही संबंधच नव्हता.

2025 च्या मे महिन्यात काम काढलं. घरापासून बारा फूट वर आडवा चर, दोन फूट रुंद, दीड फूट खोल. तळाला डबर, आणि निघालेल्या मातीचा बांध खालच्या बाजूला. त्यानंतर घरापासून सहा फुटांवर दुसरा, अरुंद आणि अडीच फूट खोल, म्हणजे कातळ लागेपर्यंत. यात जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, त्यावर धुतलेली 20 मिमीची खडी, मध्ये चार इंची छिद्रांचा पीव्हीसी पाइप, पुन्हा खडी आणि वरून कापडाची घडी. खांबांच्या जवळ खणू नका. पायापेक्षा खोल चर पायाला खेटून खणला तर पाण्यानं जे केलं नाही ते तुम्हीच कराल. शेवटी मागच्या वळचणीला चाळीस फूट पीव्हीसी पन्हळ.

मुहूर्त मात्र हुकला. कोकणात पाऊस एरवी 7 जूनच्या सुमारास येतो, म्हणून आम्ही मेअखेरपर्यंत निवांत होतो. त्या वर्षी मेच्या तिसऱ्या आठवड्यातच वळवानं झोडपलं आणि 25 मेला मोसमी पाऊस महाराष्ट्रात दाखल झाला. दोन्ही चर उघडे, खडी अंगणात, पाइप पडवीत. खोल चराची एक बाजू ढासळली, दोन माणसांची दोन दिवसांची खोदाई मातीत गेली. उरलेलं काम भर चिखलात केलं. खडी धुऊन घेतल्याचा काय उपयोग झाला ते देवाला माहीत.

त्यात पाइपावरून वाद. प्लंबरनं छिद्रं वर करून पाइप मांडला. "पाणी वरनं येतंय, मग भोकं वरच पायजेत की," हे त्याचं म्हणणं. ऐकायला बरोबर वाटतं. पण चरातलं पाणी तळापासून चढतं. छिद्रं खाली असली की थोडं साठताच ते पाइपात शिरतं. वर असली तर पाइप बुडेपर्यंत पाणी तिथंच उभं राहणार आणि तेवढं मुरमात जिरत राहणार. साठ फूट पाइप पुन्हा उलटा केला. उतार शंभर फुटाला एक फूट, म्हणजे आमच्या लांबीला सात इंच. तो डोळ्यांनी धरू नका. गवंड्याकडची पाणी भरलेली पारदर्शक नळी लावा. माझ्या डोळ्याला जो उतार दिसत होता तो नळीनं उलटा दाखवला.

आता अनुभव. सगळ्यात स्वस्त गोष्टीनं सगळ्यात जास्त काम केलं. वरच्या चराला मजुरी धरून नऊ हजार लागले आणि डोंगरावरचं पाणी पहिल्याच पावसात वळलं. बांधावर वाळ्याचे ठोंब लावले होते, सप्टेंबरपर्यंत त्यांनी माती धरली. ऑगस्टच्या 18 ते 20 तारखेच्या झडीत चर काठोकाठ चालला, पण फुटला नाही. घराखाली ओहोळ आला नाही तो आलाच नाही.

पाइपाला कापड आणि खडीसकट एकवीस हजार. जून संपला तरी त्याच्या तोंडातून थेंब नाही, तेव्हा पैसे बुडाले असंच वाटलं. जुलैच्या मध्यावर एका सकाळी बोटाएवढी धार सुरू झाली. पुढं मनगटाएवढी झाली, पाऊस उघडला तरी दोन-तीन दिवस चालायची आणि अगदी नितळ. म्हणजे चिखलात काम होऊनही कापडानं माती आत येऊ दिली नाही. खालचे उपळ पूर्ण थांबले नाहीत. सातव्या खांबापाशी अजून एक ओला पट्टा राहतो. तिथं कातळ खाली गेलाय आणि आमचा चर त्याच्या वरच राहिला, असा माझा अंदाज. पण जळण कोरडं राहिलं आणि कपाटातला वास गेला.

पन्हळीवर सव्वीस हजार गेले आणि डोक्याला तापही तिचाच. हिशेब चोख होता. एक चौरस मीटरवर एक मिमी पाऊस म्हणजे एक लिटर. मागचा अर्धा पत्रा बेचाळीस चौरस मीटर, म्हणजे 100 मिमीच्या दिवशी 4200 लिटर. एवढं पाणी घराखाली न जाता टाकीत किंवा चरात जाणार, छानच. पण दुकानदारानं दर तीन फुटांवर हूक पुरेल म्हणून सांगितलं. आमच्या पावसात पन्हळीनं पोट सोडलं. मग दोन फुटांवर केले. पावसाचा जोर असला की पत्र्यावरून वेगानं आलेलं पाणी पन्हळ ओलांडून पलीकडं पडतं, त्यासाठी पत्र्याच्या कडेला खाली वळवलेली पट्टी मारून घेतली. एका सांध्याचं रबर पुनर्वसूतच निसटलं. आणि वानरं! जांभळावरून पत्र्यावर उडी मारताना पन्हळ ही त्यांची पायरी आहे. पुढच्या वेळी मी जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पत्र्याची करून घेईन.

खाली पाणी सोडायचा प्रश्न कागदावर सोपा असतो. आमच्या खाली आबांची भातखाचरं. ते बांधावर येऊन स्पष्ट बोलले, "पाणी चालंल आम्हाला, मुरूम नगं." म्हणून चराच्या शेवटी तीन बाय तीन फुटांचं गाळाचं चेंबर बांधलं, त्यातून वरवरचं पाणी खाचरात जातं. खर्च आधी धरला नव्हता, पण हे नसतं तर आबांशी बोलणं बंद झालं असतं. लावणीच्या वेळी पाऊस दोन-तीन दिवस ओढला तेव्हा त्यांनीच विचारलं, "तुमच्या पाइपाची धार हिकडं वळवता का?"

दर पंधरा दिवसांनी चरातला पाला काढायचा, पन्हळ हातानं साफ करायची, चेंबर उपसायचं. एक पंधरवडा चुकलो तेव्हा चेंबर भरून वरून वाहिलं आणि आबांचा फोन आला. दिवाळीनंतर शेवटचं उपसलं तेव्हा अकरा घमेली मुरूम निघाला. तो तिसऱ्या खांबाच्या बुडाशी टाकून धुमसून घेतला.